पहिलं ॲक्रेडिटेशन आणि माझा बावीस ओळींचा तक्ता

आमच्या प्रोग्रामच्या मान्यतेसाठीची तपासणी, म्हणजे साइट व्हिजिट, होऊन आता बराच काळ लोटलाय, तरी अजून कोणी "कॉम्पिटन्सी" (विद्यार्थ्याला करता आलंच पाहिजे असं कौशल्य) म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या एमपीएच (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ) प्रोग्रामच्या पहिल्या ॲक्रेडिटेशनची, म्हणजे अधिकृत मान्यता मिळवायची, जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मी फॅकल्टीत तशी नवीनच होते आणि "नाही" म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच माझं क्वालिफिकेशन. ही मान्यता देते सीईपीएच, म्हणजे कौन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ ही अमेरिकेतली संस्था. तुम्ही पहिल्यांदा याच वाटेवर असाल तर अर्ज कसा जातो वगैरे वाचलेलं असणारच, त्यामुळे त्यात जात नाही. (बोलताना सगळे सीईपीएचला 'सेफ' म्हणतात. नावापुरतंच सेफ आहे ते.)

आधी वेळेचं बोलू, कारण सगळे तिथेच फसतात. अर्ज मान्य झाला की प्रिलिमिनरी सेल्फ-स्टडी (प्रोग्रामने स्वतःबद्दल लिहिलेल्या अहवालाची पहिली प्रत) द्यायला दोन वर्षं असतात. ऐकायला भरपूर वाटतात ना? मलाही वाटली. पण समजा एका कोर्समधली एक असाइनमेंट बदलायची आहे, तर आधी शिकवणाऱ्याला पटवायचं, मग सिलॅबस बदलायचा, मग करिक्युलम कमिटी, मग तो कोर्स पुढच्या वेळी लागेपर्यंत थांबायचं, मग विद्यार्थी ती असाइनमेंट करणार, आणि तेव्हा कुठे दाखवायला सॅम्पल हातात येणार. कोर्स वर्षातून एकदाच लागत असेल तर दोन वर्षं म्हणजे खरं तर दोन संधी, त्यातली पहिली तुम्ही सीईपीएचचे क्रायटेरिया (निकष) वाचण्यात घालवता. मी घालवली.

आता तो तक्ता, सेल्फ-स्टडीतला. एमपीएचच्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठीच्या २२ फाउंडेशनल (पायाभूत) कॉम्पिटन्सी, प्रत्येकीसमोर कोर्सचं नाव, आणि त्यापुढे त्या कोर्समध्ये ती नेमकी कशी असेस होते त्याचं वर्णन. मी हा तक्ता चार दिवसांत भरला. सगळ्यांचे सिलॅबस मागवले, त्यात शब्द शोधले, जिथे "लीडरशिप" दिसलं तिथे लीडरशिपची ओळ भरली, जिथे "बजेट" दिसलं तिथे बजेटची. बावीसच्या बावीस ओळी भरल्या, एकही रिकामी नाही, मी खूश, आमच्या डायरेक्टर खूश.

प्रिलिमिनरी सेल्फ-स्टडी साइट व्हिजिटच्या ५ महिने आधी जाते आणि त्यावर रिव्ह्यूअर्सच्या कॉमेंट्स येतात. आमच्या त्या तक्त्यावर आल्या त्या वाचून मी दार लावून रडले, खोटं कशाला बोलू.

उदाहरण देते म्हणजे कळेल. एक कॉम्पिटन्सी आहे, नेगोशिएशन (वाटाघाटी) आणि मेडिएशन (मध्यस्थी) स्किल्स वापरून संस्थेतल्या किंवा समाजातल्या अडचणी हाताळणं. आमच्याकडे त्यासाठी मस्त रोल-प्ले होता. सहा जणांचा गट, दोघं भांडणाऱ्या दोन संस्थांचे प्रतिनिधी, एक जण मेडिएटर, बाकीचे तिघं निरीक्षक, ते नोट्स काढणार. वर्गात फार रंगायचा, मुलांना आवडायचा. कॉमेंट एकाच ओळीची होती, प्रत्येक विद्यार्थ्याचं नेगोशिएशन आणि मेडिएशन दोन्ही कसं तपासलं जातं ते कळत नाही. बरोबरच होतं हो! दोघांनी नेगोशिएट केलं, एकाने मेडिएट केलं, दोन्ही करणारा एकही नाही, आणि तिघांनी तर नुसतं बघितलं. सहा जणांपैकी एकानेही ती कॉम्पिटन्सी पूर्ण दाखवली नव्हती आणि मी मात्र तक्त्यात थाटात लिहिलं होतं की विद्यार्थी रोल-प्लेमधून हे शिकतात.

"शिकतात." हाच तो शब्द. शिकवलं हे एक, आणि तपासलं हे वेगळं. लेक्चर झालं, रीडिंग दिलं, चर्चा झाली, हे सगळं शिकवणं. त्याबद्दल रिव्ह्यूअर्सचं काही म्हणणं नाही. पण त्या ओळीत त्यांना हवं असतं ते हे की प्रत्येक विद्यार्थ्याने, स्वतः, ते क्रियापद करून दाखवलं आणि कुणीतरी त्याला त्यावर मार्क दिले. कॉम्पिटन्सीत "निवडा" असेल तर विद्यार्थ्याने निवडलं पाहिजे. मल्टिपल चॉइस प्रश्नात मेडिएशनची व्याख्या ओळखली म्हणजे मेडिएशन केलं असं होत नाही. गटाचं काम चालतं, पण गटातल्या प्रत्येकाचं वेगळं मोजमाप दाखवता आलं पाहिजे. आणि "तीनपैकी कोणताही एक विषय घ्या" अशी असाइनमेंट असेल तर गेलंच, कारण ज्याने दुसरा विषय घेतला त्याने ती कॉम्पिटन्सी कुठे केली? इलेक्टिव्हमधली असाइनमेंट लावली असेल तर त्याहून वाईट, अर्धा वर्ग त्या कोर्सला नसतोच.

तसंच कॉम्पिटन्सीच्या वाक्यातलं ते "आणि". क्वांटिटेटिव्ह आणि क्वालिटेटिव्ह. लेखी आणि तोंडी. प्रत्येक "आणि"ला पेनाने गोल करा. खरंच करा, प्रिंट काढून. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर शेवटचे पाच महिने असे गेले नसते.

आम्ही मग रोल-प्ले ठेवला पण भूमिका फिरत्या केल्या, प्रत्येकाला एकदा टेबलाच्या बाजूला आणि एकदा मधे बसायला लागतं, आणि दोन्ही वेळी वेगळा रुब्रिक (मार्क द्यायचे निकष). कोर्स शिकवणारे सर आधी वैतागले, वेळ दुप्पट लागतो म्हणाले. लागतोच.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. ॲक्रेडिटेड प्रोग्राम्सच्या सेल्फ-स्टडी जाहीर असतात, त्या वाचाच, पण ओळी उचलू नका. मी एक उचलली होती. सिस्टिम्स थिंकिंगची (प्रश्नातले सगळे घटक एकमेकांशी जोडून बघण्याची), एका चांगल्या नावाच्या प्रोग्रामची, तिथे विद्यार्थी निबंध लिहायचे. ती सेल्फ-स्टडी २०१६ च्या क्रायटेरियावर होती. २०२१ च्या क्रायटेरियात त्याच कॉम्पिटन्सीचे शब्द बदलले, आता सिस्टिम्स थिंकिंगचं टूल वापरून प्रश्न दृश्य स्वरूपात मांडायला लागतो, नेहमीच्या गद्यात नाही. म्हणजे कॉजल लूप डायग्राम (कशामुळे काय होतं ते बाणांनी दाखवणारं चित्र) काढा, सिस्टिम्स मॅप काढा, पण निबंध नको. आणि आमची ओळ म्हणत होती, २००० शब्दांचा निबंध. कॉपी पकडली गेल्यावर शाळेत वाटतं तसं वाटलं. तेव्हा आधी कुठल्या वर्षाचे क्रायटेरिया तुम्हाला लागू आहेत ते बघा, मगच दुसऱ्याचं वाचा.

आणि मेंटर. "अगं हे सगळं पेपरवर्क आहे, लिहायचं कसं ते कळलं की झालं" असं सांगणारे एक सीनियर आम्हाला होते. त्यांच्यावर माझा राग अजून गेलेला नाही. लिहिण्याने काही होत नाही, कोर्समध्ये जे होतच नाही ते कितीही छान भाषेत लिहिलं तरी साइट व्हिजिटला विद्यार्थ्यांना विचारतात की तुम्ही हे केलंत का, आणि विद्यार्थी बिचारे खरं सांगतात. मला खरी मदत झाली ती आमच्या ऑफिसच्या कोऑर्डिनेटर बाईंची, ज्यांना पब्लिक हेल्थमधलं काही माहीत नव्हतं. त्या प्रत्येक ओळ वाचून विचारायच्या, "म्हणजे पोरगं नक्की काय करतं?" मला उत्तर देता आलं नाही की ती ओळ कच्ची. कन्सल्टंटला पैसे देण्याआधी अशी एक व्यक्ती शोधा.

बाकीचं पटकन. अप्लाइड प्रॅक्टिसमध्ये (एखाद्या संस्थेसाठी केलेलं प्रत्यक्ष काम) प्रत्येक विद्यार्थ्याची किमान दोन प्रॉडक्ट्स, म्हणजे तयार करून दिलेल्या वस्तू, त्यातून किमान पाच कॉम्पिटन्सी, त्यातल्या तीन तरी फाउंडेशनल. तासांची नोंद आणि "मी काय शिकलो" छापाचे रिफ्लेक्शन पेपर यात धरत नाहीत, त्या संस्थेच्या उपयोगाचं काहीतरी लागतं. कॉन्संट्रेशनच्या (विद्यार्थ्याच्या खास शाखेच्या) स्वतःच्या किमान पाच कॉम्पिटन्सी, आणि त्या फाउंडेशनलचीच वेगळ्या शब्दांतली नक्कल नकोत. मास्टर्सचा ग्रॅज्युएशन रेट किमान ७०% लागतो, आणि पदवीनंतर वर्षभरात नोकरी किंवा पुढचं शिक्षण किमान ८०%. यासाठी विद्यार्थी बाहेर पडायच्या आधी त्यांचा पर्सनल ईमेल घेऊन ठेवा, युनिव्हर्सिटीचा बंद पडला की माणूस हरवतो. मिटिंगचे मिनिट्स लिहा, जेव्हा मिटिंग होते तेव्हाच. दीड वर्षांनी आठवून लिहिलेले मिनिट्स वाचले की लगेच कळतात.

आता घाबरला असाल तर थोडं सांगते. प्रिलिमिनरीवरच्या कॉमेंट्स म्हणजे निकाल नाही, त्या त्यासाठीच असतात, व्हिजिटच्या महिनाभर आधी फायनल प्रत द्यायची असते आणि मधल्या काळात बरंच दुरुस्त होतं. आमच्याकडे चौदा ओळींवर कॉमेंट होत्या. चौदा! त्यातल्या नऊ नुसत्या नीट लिहिल्यावर सुटल्या, काम होत होतं पण मी सांगितलंच नव्हतं. उरलेल्या पाचांसाठी असाइनमेंट बदलाव्या लागल्या. आणि व्हिजिटला आलेल्या टीमच्या रिपोर्टमध्ये एखाद्या क्रायटेरियनला "पार्शली मेट" (अंशतः पूर्ण) आलं म्हणून आभाळ कोसळत नाही, ड्राफ्टवर उत्तर द्यायची संधी मिळते, शेवटचा निर्णय सीईपीएचचं कौन्सिल घेतं, आणि राहिलेल्या गोष्टींसाठी इंटरिम रिपोर्ट मागतात. आम्हालाही एक द्यावा लागला. पहिलं ॲक्रेडिटेशन जास्तीत जास्त ५ वर्षांचं असतं, त्यामुळे तुम्ही श्वास घेताय तोवर पुढची सेल्फ-स्टडी दारात उभी असते, ते वेगळं.

हां, आणि सेल्फ-स्टडीसोबत जाणाऱ्या पुराव्यांच्या रिसोर्स फाइलमधल्या सगळ्या लिंका सबमिट करायच्या आधी दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून, लॉग-इन न करता उघडून बघा. आमच्या अकरा उघडत नव्हत्या. आदल्या रात्री कळलं.