कर्नलच्या दस्तऐवजात गळलेलं एक अक्षर

लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) बिल्ड करताना, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करताना, त्याच्या दस्तऐवजात दिलेली सेटिंग मी डॉट-कॉन्फिग या निवडलेल्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये हाताने लिहिली. बिल्ड बिनतक्रार झाला, पण सुविधा काही चालू होईना. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शेवटी सेटिंगचं तेच नाव, सेटिंग्जची व्याख्या असलेल्या सगळ्या केकॉन्फिग फाइलींत ग्रेप या शोध-कमांडने शोधलं (नावाच्या सुरुवातीचं 'कॉन्फिग' वगळून, कारण तिथे ते नसतं). एकही ओळ सापडली नाही! दस्तऐवजातल्या नावात एक अक्षर गळलं होतं. अनोळखी नाव एरवी मुकाट्याने गाळलं जातं, म्हणून ही चूक फार छळते.

खरं नाव केकॉन्फिगमधून जसंच्या तसं उचललं. भाषांतरित पानातही तीच चूक निघाली, तीही सुधारली. बदल दोनच ओळींचा, तरी कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपणात) कारण नीट लिहिलं, 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ जोडली, बदलाची मांडणी तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवली आणि गेट-मेंटेनर या स्क्रिप्टने दाखवलेल्या मेंटेनरांना, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्यांना, पॅच (बदलाची फाइल) पाठवला.