जुना लॅपटॉप विकताना किंवा भंगारात देताना या चुका टाळा

दिवाळीच्या साफसफाईत कपाटातला जुना लॅपटॉप बाहेर निघतो, एक्स्चेंजमध्ये त्याचे दोन-तीन हजार येतात आणि घरात सगळे खूश होतात. दुकानदार भाव करतो तो यंत्राचा. आधार-पॅनचे स्कॅन, मुलांचे दाखले, बँकेची स्टेटमेंट्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड असलेली डिस्क त्याच्यासोबत फुकट जाते. म्हणून आधी डिस्कचं काय करायचं ते ठरवा, गिऱ्हाईक नंतर शोधा.

डिलीट केलं म्हणजे पुसलं गेलं, हा समज

सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी जमीन जागेवरच असते. हार्ड डिस्कवर डिलीट आणि क्विक फॉरमॅटने नेमकं एवढंच होतं: फाइल कुठे आहे याची नोंद जाते, फाइल तशीच राहते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर ती परत काढून देतं.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, रिसेट पीसी या वाटेने जा आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा. बहुतेक लोक इथे ‘नेक्स्ट’ दाबत सुटतात. त्याआधी ‘चेंज सेटिंग्ज’ उघडा. ‘क्लीन डेटा’ मुळात बंद असतं, ते चालू करा. त्याच्याच खाली सगळ्या ड्राइव्हवरच्या फाइल्स पुसायच्या का, हा पर्याय येतो. तो चालू केला नाही तर फक्त विंडोज असलेला ड्राइव्ह साफ होतो. आपल्याकडे ‘सी ड्राइव्हवर काही ठेवू नको’ हे पहिल्या दिवशीच शिकवलेलं असतं, त्यामुळे लग्नाचे फोटो आणि सगळी कागदपत्रं डी ड्राइव्हमध्ये असतात. रिसेट होतं आणि डी जसाच्या तसा नव्या मालकाकडे जातो.

हार्ड डिस्क अशी पुसणं म्हणजे जुन्या डेटावर दुसरं काही लिहिणं. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर एकदा सलग लिहायला तीन तासांच्या आसपास लागतात, जुनी डिस्क असेल तर जास्त. चार्जर लावून रात्रभर चालू द्या. सात वेळा, पस्तीस वेळा पुसायचे सल्ले जुन्या काळातले आहेत. आजच्या हार्ड डिस्कसाठी एकदा नीट पुसलेलं पुरेसं आहे, असं अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिकाही सांगते.

एसएसडीला हार्ड डिस्कचे नियम लावणं

एसएसडी म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी मेमरी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. चिप लवकर झिजू नये म्हणून एसएसडीचा कंट्रोलर, म्हणजे तिचं कामकाज चालवणारी चिप, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहितो आणि काही जागा राखीव ठेवतो. त्या राखीव जागेपर्यंत वरून लिहिणारं सॉफ्टवेअर पोचत नाही. म्हणून इथे पुसण्याचा हुकूम कंट्रोलरलाच द्यावा लागतो. ऑफिस श्रेणीतल्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ‘सिक्युअर इरेज’ किंवा ‘डेटा वाइप’ असतं. नसेल तर एसएसडी बनवणाऱ्या कंपनीचं टूल वापरा. विंडोज चालू असताना तीच डिस्क पुसता येत नाही, त्यासाठी पेन ड्राइव्हवरून बूट करावं लागतं.

त्याहून सोपा मार्ग एन्क्रिप्शनचा, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा ठेवण्याचा आहे. लॅपटॉप घेतल्या दिवसापासून विंडोजमधलं बिटलॉकर हे एन्क्रिप्शन चालू असेल तर चावी गेली की उरतो तो नुसता कचरा. आज विकायच्या आधी चालू करत असाल तर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय घेऊ नका, पूर्ण ड्राइव्हचा घ्या. पहिल्या पर्यायात पूर्वी डिलीट केलेल्या फाइल्स एन्क्रिप्ट न होताच राहतात.

हातोडी, ड्रिल, लोहचुंबक

एसएसडीवर लोहचुंबकाचा काही परिणाम होत नाही. ड्रिलचं गणितही फसतं. अडीच इंची साटा एसएसडीचं कव्हर उघडून पाहा: आतला बोर्ड कित्येकदा कव्हरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असतो, बाकी जागा रिकामी. बरोबर मध्यभागी भोक पाडणाऱ्याने हवेला भोक पाडलेलं असतं. फोडायचीच असेल तर प्रत्येक काळी मेमरी चिप तडकली पाहिजे. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटल्या की कपच्या उडतात, त्यामुळे गॉगल घाला.

लॅपटॉप सुरूच होत नाही म्हणून तो तसाच भंगारात देणं ही तर सर्रास होणारी चूक. बंद पडलेला असतो मदरबोर्ड, डिस्क ठणठणीत असते. एम.२ प्रकारची एसएसडी च्युइंगगमच्या पट्टीएवढी, बहुधा २२ बाय ८० मिलिमीटरची असते आणि एका बारीक स्क्रूवर बसते. ती काढून घ्या, यूएसबीला जोडता येणाऱ्या केसिंगमध्ये घालून पुसा, वाटल्यास पुढे पेन ड्राइव्हसारखी वापरा. काही पातळ लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डवरच डकवलेलं असतं. तिथे नोंदणीकृत रीसायकलरकडे द्या आणि डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मागा.

ऑफिसच्या मशीनमध्ये क्रम चुकणं

रिसेट केल्यावर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आठवतं. टॅलीमधून ‘सरेंडर लायसन्स’ आधी करायचं असतं, नाहीतर नव्या मशीनवर ते चालू करताना अडकाल. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लॅपटॉपलाच लावलेलं राहिलं नाही ना, तेही बघा. हिशेब तर मुळीच पुसू नका: जीएसटी कायद्यानुसार वह्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. बॅकअप घ्या, दुसऱ्या मशीनवर तो उघडतो का ते पाहा आणि मगच पुसा. न तपासलेल्या बॅकअपला बॅकअप म्हणू नये.

मॅकबुकवर ‘फाइंड माय’ बंद न करता दिलं तर घेणाऱ्यापुढे ॲक्टिव्हेशन लॉक येतो आणि तुमचा फोन वाजत राहतो. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये आणि सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्येही हार्ड डिस्क असते, हे तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

‘कायदा आपल्याला लागू नाही’

ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मुख्य जबाबदारी उत्पादकावर आहे. घाऊक ग्राहक म्हणून वेगळी जबाबदारी येते ती आर्थिक वर्षात कधीही १,००० किंवा जास्त उपकरणं वापरणाऱ्यांवर. पाच कॉम्प्युटरचा दवाखाना, सीएचं ऑफिस, क्लासेस या व्याख्येबाहेर राहतात. आमच्या मते ही मोठी फट आहे, कारण दुसऱ्यांच्या आधारच्या प्रती आणि आजारांचे रिपोर्ट सर्वात ढिलाईने इथेच ठेवलेले असतात.

वैयक्तिक माहितीचा कायदा मात्र आकार बघून सोडत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटाची वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. घरगुती वापर यातून वगळला आहे, पण पेशंटची फाइल हा घरगुती वापर नव्हे. म्हणून छोट्या ऑफिसनेही एक वही ठेवावी: मशीनचा सीरियल नंबर, डिस्क कशी पुसली, कुणी, कोणत्या तारखेला, मशीन कुणाला दिलं.

भंगारवाल्याला दिलेला बोर्ड दिल्लीतल्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी पोचू शकतो. तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळल्या जातात, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात आणि तो धूर माणसांच्या छातीत जातो. देण्यापूर्वी रीसायकलरची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी आहे का ते पाहा.

पावती न करणं

ओळखीतला माणूस असला तरी कागद करा. मॉडेल, तळावरच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर, किंमत, तारीख, मशीनची अवस्था आणि दोघांच्या सह्या. मूळ बिलाची प्रत सोबत द्या. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे शहाणा गिऱ्हाईक बिल मागणारच. घेणाऱ्याच्या आधारची प्रत घेतलीत तर मास्क केलेली (पहिले आठ अंक झाकलेली) घ्या आणि तिच्यावर कशासाठी घेतली ते लिहा.

टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही असं दिसलं तर बॅटरी फुगलेली आहे. तो लॅपटॉप चार्जिंगला लावून पुसत बसू नका, झाकण दाबून बसवू नका, टोचू नका. डिस्क काढायला तो मेकॅनिककडे न्या आणि बॅटरी बाकीच्या भंगारात न मिसळता वेगळी द्या.