बुनाकेनच्या भिंतीवर डायव्ह करताना

इंडोनेशियात, उत्तर सुलावेसीतल्या मनाडो शहरासमोर बुनाकेन बेट आहे. इथली प्रवाळाची भिंत उथळ पठाराच्या कडेवरून सरळ खाली उतरते आणि तळ दिसतच नाही. त्यामुळे खोली पाण्यात शिरण्याआधीच ठरवा. ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचं सुरुवातीचं) प्रमाणपत्र असेल तर १८ मीटर, त्याखाली नाही. पाणी इतकं नितळ असतं की आपण किती खाली गेलो ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर सारखा बघा. उतरताना बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये, हवा थोडी थोडीच भरा.

प्रवाहाशी झुंजू नका. त्याच्यासोबत भिंतीलगत वाहत राहा, बोट वरून मागोमाग येते. पायातले फिन्स मात्र प्रवाळापासून लांबच ठेवा. तुटलेला फाटा पुन्हा वाढायला वर्षं लागतात.

टॉर्च दिवसाही न्याच. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं, त्यामुळे १५ मीटरवर राखाडी वाटणारा स्पंज उजेड पडताच लालभडक होतो. मला हा क्षण फार आवडतो. कपारींत हिरवी समुद्री कासवं विसावलेली असतात. फोटोसाठी त्यांना अजिबात उठवू नका.

परतताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा. पठाराची कड तिथेच असते, तेवढ्यात समुद्रफुलांतले (सी ॲनिमोन या फुलासारख्या प्राण्यांतले) क्लाउनफिश निवांत बघून होतात. रोज डायव्ह करत असाल तर शेवटच्या डायव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नका.