जीबी, एमबी, टीबी: एकातून दुसऱ्यात रूपांतर कसं करावं

संगणक ज्या फोल्डरचा आकार ६० जीबी दाखवत होता, ते माझ्या ६४ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हमध्ये काही केल्या मावेना. पेनड्राइव्ह खराब आहे असं धरून मी तो दोनदा फॉरमॅट केला. दोष पेनड्राइव्हचा नव्हताच, जीबी हा शब्द दोन अर्थांनी वापरला जात होता. म्हणून आकडेमोडीला हात घालण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली, आकडा बिटमध्ये आहे की बाइटमध्ये? बिट म्हणजे ० किंवा १, माहितीचा सगळ्यात लहान तुकडा; ८ बिट म्हणजे १ बाइट. इंग्रजी अक्षरांत लिहिताना छोटा बी बिटसाठी आणि मोठा बी बाइटसाठी असतो. फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात, इंटरनेटचा वेग बहुधा बिटमध्ये सांगतात.

दुसरी, एका एककातून पुढच्या एककात जायची पायरी १००० ची आहे की १०२४ ची? डिस्क आणि पेनड्राइव्ह बनवणारे १००० धरतात. त्यांचा केबी म्हणजे हजार बाइट, एमबी म्हणजे दहा लाख, जीबी म्हणजे एक अब्ज आणि टीबी म्हणजे हजार अब्ज. संगणकाची मेमरी मात्र दोनाच्या घातांत चालते आणि दोनाचा दहावा घात होतो १०२४. विंडोज १०२४ नेच भागतं, पण उत्तरापुढे जीबीच लिहितं. मॅकने २००९ च्या स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून १००० ची पायरी घेतली. हा घोळ मिटावा म्हणून आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये १०२४ च्या पायऱ्यांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं दिली. ती सगळीकडे रुळली असती तर माझी ती संध्याकाळ वाचली असती. जुन्या १.४४ एमबीच्या फ्लॉपीत तर दोन्ही पायऱ्या एकत्र होत्या: १.४४ गुणिले १००० गुणिले १०२४, म्हणजे १४,७४,५६० बाइट!

आता रूपांतर. मोठ्या एककातून लहानात जाताना गुणायचं, लहानातून मोठ्यात जाताना भागायचं. नोट मोडली की नाण्यांची संख्या वाढते, तसंच हे. जितक्या पायऱ्या, तितक्या वेळा गुणाकार किंवा भागाकार.

१ टीबीची डिस्क विंडोजमध्ये किती दिसेल ते काढू. आधी सगळे बाइट मांडा: १०,००,००,००,००,०००. १०२४ ने एकदा भागलं की ९७,६५,६२,५००. दुसऱ्यांदा भागलं की सुमारे ९,५३,६७४. तिसऱ्यांदा भागलं की ९३१.३. नव्या डिस्कवर ९३१ जीबी दिसतात ते यामुळे. एकही बाइट कुठे गेलेला नसतो.

दरवेळी एवढा भागाकार करायची गरज नाही. वेष्टनावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणा, विंडोजमधला आकडा मिळेल. उलट दिशेने जायचं तर १.०७४ ने गुणा. माझं फोल्डर या हिशेबाने ६४.४ जीबीचं निघालं, ६४ मध्ये मावणार कसं? हे दोन गुणक फक्त जीबीसाठी आहेत, कारण प्रत्येक पायरीला फरक वाढत जातो: केबीला २.४ टक्के, एमबीला ४.९, जीबीला ७.४ आणि टीबीला जवळपास १० टक्के.

डाउनलोडला किती वेळ लागेल हे काढताना बिट-बाइटचा फरक सगळ्यात जास्त नडतो. समजा ३ जीबीची फाइल आहे आणि वेग सेकंदाला ४० मेगाबिट (१ मेगाबिट म्हणजे दहा लाख बिट). आधी ४० ला ८ ने भागा, सेकंदाला ५ एमबी आले. ३ जीबी म्हणजे ३००० एमबी, त्याला ५ ने भागलं की ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं. ८ ने भागायचं विसरलात तर उत्तर सव्वा मिनिट येईल. प्रत्यक्षात वेग थोडा खालीवर होतो, तेव्हा दहाच्या वर एक-दोन मिनिटं धरून ठेवा.