सर्व्हरचं मॉडेल बंद झालं, आता पुढे काय?

५ नोव्हेंबर २०१० रोजी ॲपलने जाहीर केलं की एक्ससर्व्ह, म्हणजे रॅकमध्ये (सर्व्हर ठेवायच्या मांडणीत) बसणारा त्यांचा सर्व्हर, ३१ जानेवारी २०११नंतर विकला जाणार नाही. मी तेव्हा तीन एक्ससर्व्ह सांभाळत होते. एकावर सगळ्यांचं लॉगिन आणि कॅलेंडर, दुसऱ्यावर फाइली, आणि तिसरा व्हिडिओ संपादनाच्या सामाईक साठ्याचा, म्हणजे एक्ससॅनचा, मेटाडेटा कंट्रोलर (कोणती फाइल साठ्यात कुठे आहे याची नोंद ठेवणारा).

वापरणाऱ्यांमध्ये वाद लगेच पेटला. खपतच नसेल तर कंपनीने का बनवावा, असं काहींचं म्हणणं. फेब्रुवारी २००८मध्ये एक्ससर्व्ह रेड हा ॲपलचा डिस्कसाठा बंद झाला तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं दुसऱ्यांचं. तिसरा गट म्हणत होता की यंत्र नको तर नको, पण ओएस एक्स सर्व्हर हे ॲपलचं सर्व्हरचं सॉफ्टवेअर इतरांच्या यंत्रांवर चालवायची परवानगी तरी द्या. वर्षातून एकदाच बजेट ठरणाऱ्या संस्थांना ८७ दिवस अपुरे पडतात, हा मुद्दा मला आजही पटतो. पण वाद वाचण्यात माझे पहिले दहा दिवस गेले आणि त्यातून एकही फाइल हलली नाही. कोणत्याही कंपनीचा सर्व्हर असा बंद झाला तर काय करावं, ते या अनुभवातून लिहिते आहे.

आधी तारखा वेगळ्या करा. विक्री बंद होणं, सुटे भाग संपणं आणि सॉफ्टवेअरचे अपडेट थांबणं या तीन निराळ्या तारखा असतात. एक्ससर्व्हची विक्री जानेवारीत थांबणार होती, पण त्याच्या डिस्क २०११ अखेरपर्यंत किंवा साठा असेपर्यंत मिळतील असं ॲपलने सांगितलं होतं. वॉरंटीही पाळली जाणार होती. म्हणजे चालू यंत्र फेब्रुवारीत मरणार नव्हतं. पहिली खरेदी करायचीच असेल तर जास्तीच्या डिस्क आणि एक पॉवर सप्लाय घ्या. घाबरून नवा सर्व्हर घेऊन ठेवू नका. अपवाद एकच: ज्या कामाला त्या यंत्राशिवाय जागाच नाही, त्यासाठी शेवटच्या साठ्यातलं एक घ्यायला हरकत नाही.

आता कागद घ्या आणि यंत्रांची यादी न करता कामांची यादी करा. या सगळ्यातली मोलाची पायरी हीच. ‘एक्ससर्व्हऐवजी काय?’ या प्रश्नाला धड उत्तर नव्हतं. ॲपलने सुचवलेला मॅक मिनी सर्व्हर लहान आणि कमी वीज खाणारा, पण पॉवर सप्लाय एकच, नेटवर्क पोर्ट एकच, आणि सामाईक साठ्याला जोडणारं फायबर चॅनेलचं कार्ड बसवायला जागा नव्हती. तेव्हाच्या मॅक प्रोमध्ये कार्डं बसायची, दोन नेटवर्क पोर्टही होते. पण रॅकमध्ये दोन मॅक प्रो शेजारी शेजारी ठेवायला १२ यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) उंची लागायची, आणि एक्ससर्व्ह एका यू-मध्ये मावायचा. चालू असताना डिस्क बदलणं, जोडीचा पॉवर सप्लाय, यंत्र बंद असतानाही दुरून ते सुरू करता येणं, हे सगळं एकत्र दोन्हींत नव्हतं.

तोच प्रश्न कामाकामाने विचारला की उत्तरं सापडतात. फाइली कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर राहू शकतात. मेल तर आमच्या सर्व्हरवरही पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मेलची सॉफ्टवेअरच चालवत होती, आणि ती दोन्ही लिनक्सवर आहेत. डीएनएस (नावावरून यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता सांगणारी सेवा) आणि डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटणारी सेवा) यांचंही तसंच. मॅकवाचून होणार नाहीत अशी कामं माझ्या यादीत शेवटी दोनच उरली: एक्ससॅन आणि नेटवर्कवरून मॅकवर सिस्टीम बसवणं. पहिल्यासाठी मॅक प्रो, दुसऱ्यासाठी मॅक मिनी घेतला.

ज्यांनी सगळंच्या सगळं उचलून मिनीवर ठेवलं, त्यांचं काम तेव्हा पटकन आटोपलं. पण २०१८मध्ये मॅकओएस सर्व्हरमधून (ओएस एक्स सर्व्हरचं नंतरचं नाव) मेल, डीएनएस, डीएचसीपी यांसारख्या सेवा निघाल्या, आणि एप्रिल २०२२मध्ये ते सॉफ्टवेअरच बंद झालं. त्यांना पुन्हा बिऱ्हाड हलवावं लागलं.

हलवताना सर्वांत जपून हाताळायचं ते लॉगिनचं खातं. वर्कग्रुप मॅनेजर या ॲपलच्या साधनातून युजर एक्स्पोर्ट केले की नावं, क्रमांक, गट सगळं यायचं, पासवर्ड मात्र येत नसत. पासवर्डसकट हवं असेल तर सर्व्हर ॲडमिन या दुसऱ्या साधनात ओपन डिरेक्टरीचं, म्हणजे लॉगिनच्या खात्यांच्या नोंदवहीचं, आर्काइव्ह करावं लागायचं. असं आर्काइव्ह रोज करा, आणि एकदा तरी वेगळ्या यंत्रावर उघडून पाहा. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा लॉगिन चाललंच नाही. चूक माझी होती: नावावरून पत्ता बरोबर मिळत होता, पण पत्त्यावरून नाव दुसरंच येत होतं. लॉगिनची ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉसला दोन्ही दिशा जुळलेल्या लागतात. खऱ्या बदलाच्या रात्री हे कळलं असतं तर सकाळी कुणालाच काम सुरू करता आलं नसतं.

फाइलींमध्ये आपल्याला, मराठीत फाइलींची नावं ठेवणाऱ्यांना, एक खास अडचण येते आणि ती इंग्रजी मार्गदर्शकांत मला कुठे दिसली नाही. मॅकची तेव्हाची एचएफएस प्लस फाइल सिस्टीम जोडलेली अक्षरं सोडवून साठवायची. ‘दुसऱ्या’मधला ऱ आपण एक अक्षर म्हणून टाइप करतो, मॅक तो साधा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन तुकड्यांत ठेवायचा. तशीच फाइल लिनक्सवर गेली की डोळ्याला नाव तेच दिसतं, पण शोधात सापडत नाही. विंडोजवरून कुणी त्याच नावाने सेव्ह केलं की एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब दिसणाऱ्या दोन फाइली तयार होतात, आणि कोणती खरी यावर भांडण लागतं. उपाय सोपा आहे. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंक या साधनाची तिसरी आवृत्ती बसवा (मॅकवरची जुनी चालत नाही), आणि तिचा आयकॉन्व्ह हा पर्याय वापरून ‘यूटीएफ-८-मॅक’वरून ‘यूटीएफ-८’वर नावं बदलतच कॉपी करा. नंतर ऱ असलेली पाच-सहा नावं नव्या यंत्रावर टाइप करून शोधा. सापडली तरच पुढे जा.

लहान-मोठ्या अक्षरांचंही बघून घ्या. मॅक सहसा दोन्ही सारखीच मानतो, लिनक्स मानत नाही. जुन्या प्रोजेक्टमधल्या लिंक अशाने तुटतात.

किती दिवसांत करावं? आम्ही घाई केली नाही. आधी मेल, मग फाइली, मग लॉगिन, आणि एक्ससॅन सगळ्यांत शेवटी, तेही चालू प्रोजेक्ट संपल्यावर. दर वेळी एकच काम हलवलं आणि दोन आठवडे नुसतं पाहिलं. वरिष्ठांना खर्च समजावताना मी निर्णय बरोबर की चूक याबद्दल चकार शब्द काढला नाही. कोणतं काम थांबलं तर किती जण रिकामे बसतील, एवढंच एका पानावर लिहून दिलं, आणि मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

जुना सर्व्हर बंद करायची वेळ आली की आधी त्याची नेटवर्क केबल काढा, वीज चालू राहू द्या. महिनाभर तसाच ठेवा. यादीतून सुटलेलं काहीतरी आरडाओरडा करतंच. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी स्कॅनरने केला: स्कॅन केलेली पानं तो थेट जुन्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यावर टाकत होता आणि ते सेटिंग कुणी केलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं. केबल परत लावली, स्कॅनरमध्ये नवा पत्ता भरला, पुन्हा केबल काढली. महिन्यानंतर डिस्क पूर्ण पुसल्या आणि मगच एक्ससर्व्ह रॅकमधून खाली उतरवला.