नव्या प्रभारींनो, या चुका टाळा: ठाणं, कोर्ट आणि जेल यांच्यामध्ये अडकणारी प्रकरणं

परवा एका नव्या प्रभारी अधिकाऱ्याचा फोन आला. "सर, आज एकसष्टावा दिवस आहे. काही करता येईल का?" मी म्हटलं, "आधी चहा घे." निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी हा फोन वर्षातून दोन-तीनदा येतोच. ठाणं बदलतं, आवाज बदलतो, आकडा तेवढा एकसष्टच राहतो.

म्हणून सुरुवात दिवस मोजण्यापासूनच करतो. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे प्रशिक्षणात सगळे पाठ करतात. मोजायला बसले की मात्र घोळ घालतात. दिवस अटकेपासून मोजायचे नाहीत, पहिल्या रिमांडपासून, म्हणजे कोर्टाने आरोपीला पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून मोजायचे. रिमांडचा तो दिवसही धरायचा, हे सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये स्पष्ट केलंय. 1 मार्चला रिमांड झाला असेल तर साठावा दिवस 29 एप्रिल. बोटांवर मोजणारे हमखास 30 म्हणतात.

2018 ची गोष्ट. रात्रीच्या घरफोडीत दोघे पकडले होते, दागिनेही मिळाले होते. तपास एका हुशार, पण भलत्याच घाईच्या एपीआयकडे, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षकाकडे. मी विचारलं तर म्हणाला, "सर, दंडविधानाच्या 457 ला चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे नव्वद दिवस मिळतात." ऐकायला बरोबर वाटलं, मीही मान डोलावली. आदल्याच वर्षी राकेश कुमार पॉल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की गुन्हा फाशी-जन्मठेपेचा नसेल, तर नव्वद दिवस मिळायला किमान शिक्षाच दहा वर्षांची हवी. कमाल चौदा असून भागत नाही. त्याचं परिपत्रक आमच्या बारनिशीत, म्हणजे टपालाच्या टेबलावर, आवक क्रमांक पडून फायलीला लागलं होतं. वाचलं कुणीच नव्हतं.

एकसष्टाव्या दिवशी कोर्ट भरताच आरोपींच्या वकिलाने अर्ज दिला. कोर्टात ठाण्याचं काम बघणाऱ्या आमच्या पैरवी हवालदाराचा फोन आला तेव्हा दोषारोपपत्राची शेवटची पानं टाइप होत होती. दुपारी चारला दाखल केलं, पण अर्ज आधी आला होता. त्याच आठवड्यात दोघे बाहेर. फिर्यादी बाई शिक्षिका होत्या. ठाण्यात येऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, केस संपली का?" जामीन मिळाला म्हणजे केस सुटली नाही, हे समजावताना माझीच जीभ अडखळत होती. चूक त्या पोराची, पण मान मी डोलावली होती.

तेव्हापासून टेबलासमोर भिंतीवर कालनिर्णय. आत असलेल्या प्रत्येक आरोपीचा चाळिसावा आणि पंचावन्नावा दिवस लाल पेनाने गोल करायचा, खाली गुन्हा नंबर लिहायचा. पंचावन्नावा रविवारी आला तर गोल शुक्रवारी. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावतो म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. गणपती बंदोबस्तात तो अंगठ्याने कधी बाजूला सारला जातो, कळतही नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 187 मध्ये, शब्दरचना थोडी बदलली आहे. त्यावरून नव्वद मिळतील अशी काहींना आशा आहे. तो वाद सरकारी वकिलांना घालू द्या. ठाण्यात साठच धरा.

दुसरं दुखणं मुद्देमालाचं. रक्ताचे कपडे ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून लाखेने सील करणारे महाभाग अजून आहेत. आत बुरशी धरते आणि प्रयोगशाळेला तपासायला काही उरत नाही. सावलीत वाळवा, कागदी पाकिटात घाला, मग सील. एका खटल्यात साक्षीच्या पिंजऱ्यात पंच उभा, पाकीट पुढे केलं, "ही सही तुमचीच का?" सहीच्या जागी वाळवीची नक्षी होती. पंच आधी लेबलकडे आणि मग माझ्याकडे पाहत राहिला. तेव्हापासून लेबलाबरोबर पाकिटावरही जाड मार्करने गुन्हा नंबर लिहायचो आणि महिन्यातून एकदा बॅटरी घेऊन स्वतः मुद्देमाल खोलीत शिरायचो. कारकुनाला ते आवडायचं नाही. वाहनांचं तर विचारूच नका. वाहनं ठाण्यात सडवू नका, फोटो-पंचनामा करून बंधपत्रावर परत द्या, असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगितलंय. तरी आवारात मोटारसायकलींतून कडुनिंब उगवलेले दिसतात.

बाकीच्या चुका थोडक्यात. दुकानाचं सीसीटीव्ही फुटेज "उद्या आणू" म्हणू नका. उद्या त्यावर दुसरं रेकॉर्डिंग चढलेलं असतं. पेनड्राइव्हसोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं 65-ब, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. झडतीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे, तेव्हा मोबाइल चार्ज करून निघा. प्रत्येक गुन्ह्यात तेच दोन पानटपरीवाले पंच घेऊ नका, कोर्टालाही त्यांचे चेहरे पाठ असतात. समन्सवर जागेवर बसून "पत्त्यावर मिळून आला नाही" लिहिणाऱ्याला मी त्याच पत्त्यावर स्वतःबरोबर घेऊन जायचो.

जेलचं काम आपलं नाही, असं समजणं ही शेवटची चूक. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाला पाठवावी, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. पण जामीनदाराच्या पडताळणीचा कागद आपल्या ट्रेमध्ये आठवडाभर झोपला, तर त्या ईमेलचा काय उपयोग? कैद्याला जेलमधून कोर्टात नेणाऱ्या पोलिसांच्या कैदी पार्टीचंही तेच. तारखेच्या सकाळी मनुष्यबळ मागितलं की मिळत नाही, आरोपी हजर होत नाही, साक्षीदार एसटीने परत जातो. मी आदल्या संध्याकाळी मुख्यालयात फोन करून पार्टीतल्या हवालदाराचं नाव विचारून घ्यायचो. नाव सांगितलं की पार्टी नक्की येते.

त्या फोनवाल्या पोराला चहा झाल्यावर दोनच प्रश्न विचारले. आरोपी दुसऱ्या एखाद्या ठाण्याला खरोखर हवा आहे का? असेल तर त्यांना आत्ता कळव, जेलमधून त्याचा ताबा घ्यायच्या ट्रान्सफर वॉरंटचं ते बघतील. आणि दोषारोपपत्र कुठवर आलंय? म्हणाला, दोन जबाब टाइप व्हायचेत. म्हटलं, ते पूर्ण कर, आणि अर्ज आला तर विरोधाचं लांबलचक म्हणणं लिहीत बसू नकोस.