जुन्या डिझेल जीपची ताकद कशी वाढवावी (आधी गेलेली परत आणा)

गोव्यातून बेळगावला जाताना केरी सोडून अंजुणे धरणाच्या कडेनं पुढं गेलं की चोर्ला घाटाचा चढ लागतो. माझी जीप म्हणजे महिंद्राची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची), २०१३ सालची. कागदावर १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क. जी वळणं ती तिसऱ्या गिअरवर आरामात घ्यायची, तिथं एका पावसाळ्यानंतर दुसरा टाकावा लागायला लागला. मी शहाणपणा केला आणि ट्युनिंग बॉक्स, म्हणजे इंजिनाला जास्त डिझेल सोडायला लावणारा डबा, मागवला. सपाटीला जरा फरक जाणवला, पण घाटात मागच्या गाड्यांना माझी जीप धुरात दिसेनाशी झाली.

शेवटी गाडी साखळी गावात मेस्ताकडे, म्हणजे मेकॅनिककडे, नेली. त्यानं बॉक्सकडे बघितलंही नाही. "पयलीं वारें खंय वता तें पळोवया" (आधी हवा कुठं जाते ते बघूया), म्हणाला, आणि साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन आला. टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपाला क्लॅम्पच्या अगदी खाली बोटभर चीर होती. वरून काही दिसत नव्हतं. टर्बो हवा दाबत होता आणि ती अर्धी बाहेर जात होती. बॉक्स मात्र इमानदारीत जास्त डिझेल ओतत होता. पाइप काही शेकड्यांत आला. बॉक्सला किती घातले ते घरी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून इथला क्रम तसाच ठेवलाय: आधी गेलेली ताकद शोधा, वरची ताकद नंतर.

मोजल्याशिवाय पाना हातात घेऊ नका

"गाडी आता पळते" हे मेकॅनिकला पैसे दिल्यावर प्रत्येकाला वाटतंच. त्यावर विसंबू नका. ओळखीच्या चढाचा एक तुकडा ठरवा, दोन खुणांमधला. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, तीच माणसं, तोच गिअर, सुरुवातीला तोच वेग. शेजारी बसलेल्यानं फोनवर वेळ धरायची, चालवणाऱ्यानं नाही. सकाळी लवकर गेलात तर बेळगावचे ट्रक कमी भेटतात. तीन फेऱ्यांची सरासरी वहीत लिहा. आरशात धुराचा रंगही बघा. काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. निळा किंवा पांढरा दिसला तर ताकद वाढवायचा विषय तिथंच थांबवा, आधी इंजिनाचा इलाज करा.

हवा

डिचोली-साखळी भागात राहणाऱ्याला लाल धूळ सांगायला नको. खनिजाच्या ट्रकांमागे अर्धा तास गेलं तरी बॉनेटच्या आत पावडर बसते. कंपनीच्या पुस्तकात एअर फिल्टरचे जे किलोमीटर लिहिलेत, ते या रस्त्यांसाठी नाहीत. मी उन्हाळ्यात दर महिन्याला डबा उघडतो. कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरचा जोरदार फवारा मारायची सवय सोडा. कागदाला बारीक भोकं पडतात आणि तीच धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. फिल्टर काढल्यावर पुढच्या पाइपात बोट फिरवून बघा. बोटाला लाल लागलं तर फिल्टर नीट बसत नाही किंवा डबा फुटलाय.

मग गळती. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपापर्यंत) प्रत्येक जोडाला हात लावा. या पाइपांत ऑइलचा अगदी पातळ अंश असतोच, त्यामुळे हवा जिथून निसटते तिथं तेलकट धूळ साचून काळा डाग पडतो. खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला व्हॉल्व्ह लावलेला बूच बसवायचा, त्यातून १०-१२ पीएसआय हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. यापेक्षा जास्त दाब नको, सीलांना त्रास होतो. किनारपट्टीच्या गाड्यांत क्लॅम्प गंजून आवळल्यासारखे दिसतात, पण धरत नाहीत. सगळे एकदम बदला, फार खर्च नाही.

टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही बघून घ्या. उष्णतेनं कडक होऊन तडकतात. आणि ईजीआर, म्हणजे एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह: परत आत येणारी काजळी व ऑइल मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. तो काढून साफ करून घ्या. ईजीआर पत्र्यानं बंद करून देणारे भेटतील, पण ते प्रदूषण नियंत्रणाचं उपकरण आहे, ते बंद करायचं नाही.

डिझेल

डिझेल फिल्टर बदला आणि त्याखालचा पाण्याचा स्क्रू सैल करून बघा. आमच्या सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की आत दमट हवेचं पाणी धरतं. मी जुलैत स्क्रू उघडला तेव्हा पहिला चहाचा अर्धा कप पाणीच आलं. डिझेल फवारणारे कॉमन रेलचे इंजेक्टर खराब करायला एवढं पाणी पुरतं. एक लाख किलोमीटर उलटून गेले असतील तर इंजेक्टरांची लीक-ऑफ टेस्ट करून घ्या. चारही नळ्यांतून परत येणारं डिझेल बाटल्यांत मोजतात. एक बाटली बाकीच्यांच्या पुढं गेली तर चोर सापडला.

चाकं

दूधसागरच्या बाजूला किंवा कुठल्याही ओढ्यात गाडी घालणाऱ्यांसाठी हे. चिखल-पाण्यानं ब्रेक कॅलिपरच्या पिना गंजतात आणि ब्रेक थोडा लागलेलाच राहतो. दहा किलोमीटर चालवून, कमीत कमी ब्रेक मारत थांबा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तुमचं इंजिन तो ब्रेक ओढत होतं.

आता टायर, ज्यावर कोणालाच बोललेलं आवडत नाही. थारचा मूळ २३५/७० आर१६ टायर साधारण ७३५ मिलिमीटर व्यासाचा. त्या जागी २६५/७५ आर१६ घातला की व्यास ८०४ होतो, म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त. जमिनीवर पोचणारी ओढ त्या प्रमाणात घटते. इंजिनाच्या भाषेत २४७ पैकी २१ न्यूटन-मीटर तुम्ही दिसण्यावर उधळले, टायरचं वाढलेलं वजन वेगळंच. वर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८७ ला असते. टायर मोठे हवेतच असतील तर डिफरन्शियलचा (ॲक्सलमधल्या गिअरांचा) रेशो बदलावा लागतो. तो खर्च ऐकून माझे दोन मित्र मूळ टायरवर परत आले.

एवढ्यानं समाधान झालं नाही तर

बहुतेक जुन्या गाड्या इथंच पहिल्यासारख्या होतात. माझ्या वहीत घाटाची वेळ बॉक्स काढून टाकल्यावरही सुधारलेली होती. तरीही हाव असेलच, मलाही होती.

पहिली खरेदी मीटरांची: एक बूस्टचं (टर्बोच्या दाबाचं), एक एक्झॉस्टच्या तापमानाचं. डिझेल इंजिनात जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. टर्बोच्या आधी बसवलेल्या प्रोबवर लांब चढात ७०० अंश सेल्सिअसच्या खाली राहायचं. काटा वर सरकला की पाय उचला, गिअर खाली घ्या.

मग मोठा इंटरकूलर. गोव्याच्या एप्रिलमधल्या हवेत त्याचा फायदा खरा आहे, कारण थंड हवा दाट असते आणि त्याच डिझेलला जास्त ऑक्सिजन मिळतो. धूर आणि तापमान दोन्ही उतरतात. ताकदीच्या कामांत हेच एक असं आहे जे इंजिनाचं आयुष्य खात नाही.

त्यानंतर रीमॅप, म्हणजे ईसीयूतला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला) प्रोग्राम बदलणं. ट्युनिंग बॉक्स बहुतेक वेळा रेल प्रेशरच्या सेन्सरचा आकडा कमी करून ईसीयूला फसवतो. ईसीयू बिचारा दाब वाढवत जातो. चांगला रीमॅप डिझेल, बूस्ट, फवाऱ्याची वेळ सगळं एकमेकांना धरून बदलतो. करणाऱ्याला आधी सांगा, "धूर नको, तापमान हद्दीत पाहिजे", आणि मूळ फाइल जपून ठेवायला लावा. फक्त बीएचपीचा आकडा सांगणाऱ्याकडून उठून या. नव्या थारच्या डिझेलचा १३० बीएचपीचा आकडा गाठायच्या नादात जुना गिअरबॉक्स पणाला लावू नका.

कॉमन रेल नसलेली, जुन्या मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर पंपावरच्या डिझेलच्या स्क्रूला मूळ जागी रंगाची खूण करा आणि एका वेळी अष्टमांश फेराच द्या. प्रत्येक फेऱ्यानंतर घाट, वही, धूर. पूर्ण जोरात हलका करडा धूर दिसला की मागं या.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. कुठलाही बदल करण्यापूर्वी आरटीओत विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या दिवशी कागद तुमच्या विरोधात बोलतील. पीयूसीत जो धूर पास होत नाही तो घाटातही नको.

क्लच विसरलो. टॉर्क वाढवला की जुनी प्लेट आधी मान टाकते: चढात आरपीएम वर जातो, वेग नाही, आणि जळका वास येतो. रीमॅपच्या बजेटमध्ये क्लच धरूनच चला. आणि चोर्ल्याच्या माथ्यावर भजी खायला थांबलात तर गाडी लगेच बंद करू नका. दोन मिनिटं तशीच फिरू द्या, तापलेल्या टर्बोत ऑइल फिरत राहतं. भजी तोवर तळली जातेच.